पत्ता देणारी माणसं

माटुंग्यात दात्यांची नावं शोधावी लागत नाहीत. रुईया कॉलेज १९३७ चं, पोदार १९४१ चं. दोन्ही नावं तोंडात इतकी बसली आहेत की ती मुळात माणसांची आहेत, हे तिथे शिकणाऱ्या मुलांच्या ध्यानातही येत नसेल. इमारत बांधून देणाऱ्याचं नाव दगडावर राहतं, आणि राहावंच. पण एखाद्याने घाबरलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर दिलं, तर ते कुठे नोंदवायचं? समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांसाठी आपल्याकडे कुणी काय दिलं याचा विचार करू लागले की हा प्रश्न मला सोडत नाही. कारण इथे देणगीची सुरुवात पैशाने झालीच नाही, ती उत्तरांनी झाली.

रुईयापासून चालत निघालं तर हिंदू कॉलनीतलं राजगृह फार लांब नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी हे घर १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुस्तकांसाठी म्हणून बांधलं. त्याच सुमारास, १९३४ साली, त्यांनी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांचा खटला लढवला. खटला ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर होता. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी ती शरमेची गोष्ट न मानता सरळ उत्तरं छापली होती. सरकारला ती उत्तरं अश्लील वाटली. लोक विचारत असतील तर उत्तर का देऊ नये, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता, आणि लैंगिकतेचा अभ्यासक हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दलितांच्या हक्कांसाठी अहोरात्र झटणारा हा माणूस एका तोट्यातल्या मासिकासाठी कोर्टात उभा राहिला, हे मला फार मोठं वाटतं. त्यांच्या चरित्रातलं हे पान आपण अजून पुरेसं वाचलेलं नाही.

कर्व्यांनी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडली, ती संततिनियमनाच्या कामापायीच. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. घर पुष्कळसं त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या पगारावर चाललं. तेव्हा दातृत्वाच्या या हिशोबात मालतीबाईंचं नाव आधी घालायला हवं. मूल त्यांनी ठरवून होऊ दिलं नव्हतं. मागे राहिले ते अंक. त्यांतल्या प्रश्न विचारणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. उत्तर देणाऱ्याचं मात्र नाव छापलेलं होतं, पत्ताही होता, म्हणून तर पोलीस त्याच्या दारात पोहोचले.

पत्ता देणं हीच या समाजातली पहिली देणगी, असं मला वाटतं. अशोक राव कवी यांनी ती दिली. १९४७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस काही काळ रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर होता, पुढे पत्रकार झाला. १९८६ मध्ये ‘सॅव्ही’ मासिकात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. १९९० मध्ये त्यांचं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं. सुरुवातीला लहानसंच, पण त्यावर पत्ता होता. सांगलीजवळच्या एखाद्या गावात, घरी आलेलं प्रत्येक टपाल वडील आधी फोडतात अशा घरातल्या मुलाचा विचार करा. त्याने पत्र लिहायचं, ते दुसऱ्या गावच्या पेटीत टाकायचं, उत्तर कुणाच्या नावे मागवायचं हे ठरवायचं, आणि मग रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसून राहायचं. त्या मुलाला कुणाचे लाख रुपये नको होते. ‘तू एकटा नाहीस’ एवढं कुणीतरी आपल्या सहीनिशी लिहायला हवं होतं.

पुढे १९९४ मध्ये कवींचाच हमसफर ट्रस्ट आला. सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत जागा मिळाली, एचआयव्हीचं काम उभं राहिलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून परतले, २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि ‘पार्टनर’सारखी पुस्तकं मराठीत लिहून स्वतःच छापली. मराठीत, हे महत्त्वाचं. इंग्रजी येणाऱ्यांना जगभरातून काही ना काही हाती लागत होतं. तालुक्याच्या मुलाला कुणी विचारत नव्हतं.

या सगळ्यांचे कागद आहेत: पत्रं, छापखान्याची बिलं, वर्गणीदारांच्या याद्या, सभांच्या वह्या. आणि याच कागदांची मला धास्ती वाटते. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. म्हणजे मृत्युपत्र नसेल, तर तीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार कायद्याने परकाच. भाचा किंवा पुतण्या येतो, खोली मोकळी करतो, कपाटातलं सगळं रद्दीवाल्याच्या तागडीत जातं. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला मांडलेली असतात. इंजिनीअरिंगच्या गाइडांखाली सुतळीने बांधलेले मासिकांचे गठ्ठे असतात, पिना गंजून पानांवर तांबडे डाग उतरलेले. पहिल्या पानावर शाईने नाव, खाली तारीख. छापलेलं पुस्तक निदान इथवर तरी पोहोचतं. हाताने लिहिलेलं पत्र पोहोचत नाही, त्याचा लगदा होतो.

बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये या समाजाच्या कागदपत्रांचा एक संग्रह उभा राहिला आहे. मराठी पत्रांसाठी मुंबई-पुण्यातही तसा हवा. यातली अडचण खरी आहे: ज्यांनी विश्वासाने पत्रं लिहिली, ती माणसं आज साठीत असतील, संसारात असतील, नातवंडांत असतील. त्यांचं नाव उघड करायचा हक्क कुणालाही नाही, अभ्यासकालाही नाही. पण त्यासाठी पत्रं जाळायची गरज नाही. नावं-पत्ते वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करावेत, पन्नास वर्षं उघडू नयेत, तसं लेखी ठरवून घ्यावं. छापखान्याची बिलं आणि उत्तरांच्या कार्बन प्रती मात्र आजच अभ्यासाला खुल्या करता येतील. पदरचे किती पैसे गेले, ते त्या बिलांवरून कळेल. कार्बन प्रतीतलं प्रश्न विचारणाऱ्याचं नाव झाकावं. खालची सही झाकू नये, कारण ती करणाऱ्याने ती जाणूनबुजून केली होती.