पुन्हां एक नाणें

ज्या करमणुकीचें नांव विद्वानांच्या बैठकींत काढण्याचा संकोच वाटावा, तिजविषयींच आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम १९९२ सालीं अमेरिकेंतील मिडवे कंपनीनें बाजारांत आणिला. एड बून व जॉन टोबायस हे त्याचे कर्ते. खऱ्या नटांच्या चित्रांवरून घडविलेले सात योद्धे खेळणारास निवडावयास मिळत, आणि पराभूताचा वध इतक्या क्रूरपणें होई कीं, १९९३ सालीं अमेरिकेच्या सिनेटपुढें अशा खेळांबद्दल सुनावणी झाली.

शाळकरी वयांत आम्ही व आमचा एक मित्र गांवांतल्या गेमच्या दुकानांत तासन् तास घालवीत असूं. त्या क्रौर्याची आम्हांस कधींच भीति वाटली नाहीं. योद्धा पडला कीं पडद्यावर उलटे आकडे मोजले जात. ते संपण्यापूर्वीं फटींत आणखी एक नाणें टाकलें, कीं मेलेला गडी ताजातवाना होऊन उभा! आमचीं नाणीं संपलीं, तर मित्र आपलें देई.

याच खेळावरून १९९८ सालीं ‘मॉर्टल कॉम्बॅट: कॉन्क्वेस्ट’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका निघाली. आम्हीं ती फार उशिरां, गेल्या पावसाळ्यांत पाहिली. कथा खेळाच्या काळापूर्वीं सुमारें पांचशें वर्षांची. पृथ्वीच्या रक्षणार्थ स्पर्धा जिंकलेला कुंग लाव, त्याचे सोबती सिरो व ताजा, आणि त्यांचा पाठीराखा मेघगर्जनेचा देव रेडन, हीं मुख्य पात्रें. कुंग लावनें पुढील स्पर्धेसाठीं नवे योद्धे तयार करावयाचे, आणि दुसऱ्या जगाचा सम्राट शाओ कान यानें त्यांत विघ्नें आणावयाचीं, हें कथेचें सूत्र. संवाद बहुधा पोकळ, नेपथ्य बेताचें. झुंजी मात्र मेहनतीनें बसविलेल्या. एवढ्यावरच हा अभिप्राय संपला असता.

परंतु बाविसाव्या, म्हणजे अखेरच्या भागांत शाओ कानचे मारेकरी नायकास व त्याच्या सोबत्यांस ठार करितात. हा शेवट पुढच्या सत्राच्या आशेनें टांगता ठेविलेला दिसतो. पण १९९९ सालीं मालिका बंद पडली, आणि मेलेले ते मेलेलेच राहिले. ज्या खेळांत मरण एका नाण्याचें, त्याच्याच कथेंत तें असें कायमचें झालें. आम्ही बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे पाहत बसलों.

तेव्हां त्या मित्राची आठवण झाली. कॉलेजांत असतां थोड्याशा पैशांवरून आमची बोलाचाली झाली; चूक आमची होती, व तें आम्हांस त्याच दिवशीं कळलें होतें. ‘पाहूं पुढें’ म्हणून जें सोडून दिलें, त्यास वीसांहून अधिक वर्षें लोटलीं. गडी पडला तरी उठवितां येतो, ही त्या दुकानांतली समजूत आम्हीं स्नेहालाहि लावली होती; आकडे उलटे चालले आहेत, हें मात्र ध्यानांत ठेविलें नाहीं.

त्याच रात्रीं जुना पत्ता शोधून आम्हीं त्यास पत्र लिहिलें. प्रथम चूक कबूल केली. मालिकेचा मजकूर शेवटीं घातला. उत्तर अद्याप आलें नाहीं. वाट पाहत आहों.