अर्ध्या गुणाचा हिशेब

कोल्हापूरला ईर्ष्या नवी नाही. खासबागेत कुस्ती लागली, की तालमींची माणसे आपापल्या मल्लासाठी घसा कोरडा करतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचे फुटबॉल संघ समोरासमोर आले, की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. याच शहरात आणखी एक ईर्ष्या नांदते. तिचा आवाज मात्र होत नाही. एखाद्या शाळेच्या सभागृहात लांब टेबले मांडलेली असतात. एका बाजूला चार खेळाडू, समोर चार. मध्ये चार पट आणि चार घड्याळे. पालक दाराबाहेर ताटकळत असतात, कारण आत बोलण्याची मुभा नसते. दोन बुद्धिबळ मंडळांचा सांघिक सामना चालू असतो.

बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी आहे. पण सांघिक सामन्यात ती अर्धीच खरी ठरते. जिंकणाऱ्यास एक गुण, बरोबरी करणाऱ्यास अर्धा, हरणाऱ्यास शून्य. चार पटांवरील गुणांची बेरीज होते आणि ज्या संघाकडे अडीच किंवा अधिक गुण, त्याचा सामना. पहिल्या पटावर संघातील सर्वांत तयार खेळाडू, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. पहिल्या व तिसऱ्या पटावर एका संघाला पांढरी मोहरी, दुसऱ्या व चौथ्या पटावर दुसऱ्या संघाला. म्हणजे सोय आणि गैरसोय दोन्ही बाजूंना सारखी. कर्णधार मागे उभा राहू शकतो, पण पटावरील स्थितीबद्दल चकार शब्द काढू शकत नाही. सामन्याची एकूण परिस्थिती पाहून ‘बरोबरी मान्य कर’ किंवा ‘बरोबरी मागून पाहा’ एवढेच सांगण्याचा अधिकार नियमांनी त्याला दिला आहे. प्रत्येक जण आपली चाल एकट्याने खेळतो, आपली चूक एकट्याने भोगतो. हिशेब मात्र एकत्र मांडला जातो.

व्यापारी घराण्यांना ही रचना अनोळखी वाटू नये. लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी असो, शाहूपुरीतील गुळाची अडत असो की गुजरीतील सराफी, चार भाऊ चार ठिकाणी बसतात. एक मोठे सौदे करतो; त्याचे नाव बाजारात होते. दुसरा खरेदीला गावोगाव हिंडतो. तिसरा गिऱ्हाईक राखतो. आणि चौथा मागच्या खोलीत बसून थकलेली उधारी वसूल करतो, बुडीत जाऊ पाहणारे खाते शांतपणे सांभाळतो. त्याने नफा आणला असे कोणी म्हणत नाही. त्याने तोटा होऊ दिला नाही, हे मात्र दिवाळीच्या ताळेबंदात दिसते. सांघिक सामन्यातील अर्धा गुण हा पुष्कळदा या चौथ्या भावाने मिळवलेला असतो.

याचे अलीकडचे आणि सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडचे आहे. त्या स्पर्धेत भारताने खुला आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके मिळवली. खुल्या संघाने 22 पैकी 21 सामना-गुण घेतले. त्या संघात नाशिकचे विदित गुजराथी होते. महिलांची वाट इतकी सरळ नव्हती. आठव्या फेरीत त्या पोलंडकडून हरल्या, नवव्या फेरीत अमेरिकेशी त्यांची बरोबरी झाली. दहाव्या फेरीत समोर चीन आला. त्या दिवशी हरिका, वैशाली आणि वंतिका या तिघींचे डाव बरोबरीत सुटले. नागपूरच्या दिव्या देशमुखने आपला डाव जिंकला. अडीच विरुद्ध दीड. वृत्तपत्रांनी दिव्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण तीन अर्धे गुण काढून घेतले, तर त्या एका विजयाचे वजन किती उरते? शेवटच्या फेरीत अझरबैजानवर मात करून संघ सुवर्णापर्यंत पोहोचला, तो दहाव्या फेरीत तिघींनी आपापले पट राखले म्हणून.

कोल्हापूरच्या मुलांना हा धडा शिकण्यासाठी बुडापेस्टला जाण्याची गरज नाही. सांगली पुरेशी आहे. जयसिंगपूरमार्गे सुमारे पन्नास किलोमीटरच्या अंतरावर असलेल्या या शहरात 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झाले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी त्या मंडळासाठी आपले आयुष्य वेचले. बुद्धिबळाला ना प्रेक्षक होते ना पैसा, अशा काळात त्यांनी मुलांना, आणि विशेष म्हणजे मुलींना, पटासमोर बसवले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या स्वाती घाटे या त्याच परंपरेतील. शेजारी असे मंडळ असणे हे प्रतिस्पर्ध्याचे भाग्य असते. तुल्यबळ शेजाऱ्याशी खेळल्यावाचून आपले माप आपल्याला कळत नाही. इंटरनॅशनल मास्टर सम्मेद शेटे आणि वुमन इंटरनॅशनल मास्टर ऋचा पुजारी यांच्या रूपाने कोल्हापूरचे नावही पटावर उमटले, त्याचे काही श्रेय या परिसराच्या स्पर्धेच्या हवेला द्यावे लागेल.

प्रश्न आहे तो घरचा. सामना संपवून संध्याकाळी परतलेल्या मुलाला उंबऱ्यातच विचारले जाते, ‘जिंकलास का?’ तो म्हणतो, ‘बरोबरी झाली.’ घर क्षणभर गप्प होते आणि मग जेवणाची ताटे मांडली जातात. विसाव्या चालीला एक प्यादे गमावल्यावर पुढचे तीन तास त्याने हत्ती आणि राजा यांच्या जोरावर पडता डाव कसा सावरला, शेजारच्या पटावरचा मित्र जिंकत आहे हे पाहून त्याने धोक्याची चाल मोहाने कशी टाळली, हे सांगायला त्याला कोणी वाव देत नाही. सांगितले तरी वडिलांच्या मनात नफ्याचा रकाना कोराच राहतो.

असे चार-सहा वेळा झाले, की मुलात दोन बदल दिसू लागतात. एक तर तो प्रत्येक डाव जिंकायलाच धावतो, सुरक्षित स्थिती उधळतो आणि संघाचा सामना घालवतो. किंवा तो संघ सोडतो. फक्त वैयक्तिक स्पर्धा खेळून आपले मानांकन वाढवत बसतो. पुढे दहावीचे वर्ष येते, मग सनदी लेखापालाच्या परीक्षा, मग दुकान. पट कपाटावर जातो. त्याबरोबर एक सवयही जाते, आणि नुकसान खरे ते तिचे. आपल्या वाट्याचे काम कौतुकाची अपेक्षा न ठेवता नीट पार पाडण्याची ती सवय पुढे पेढीत, भावाभावांच्या वाटणीच्या वेळी, कसोटीला लागते. कितीतरी एकत्र कुटुंबे तोट्यामुळे मोडत नाहीत. आपला अर्धा गुण कोणी मोजला नाही, या सलामुळे मोडतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अर्धा गुण दोन प्रकारचा असतो: कमावलेला आणि ठरवलेला. खेळापूर्वीच दोघांनी बरोबरी ठरवून घेणे, चार चाली दाखवण्यापुरत्या खेळणे, हा लबाडीचा सौदा आहे. जैन घरांतील वडीलधारी माणसे खेळांकडे साशंकतेने पाहत आली, कारण सप्तव्यसनांत द्यूताचा उल्लेख प्रथम येतो. बुद्धिबळात फासे नाहीत, दैवाचा भाग नाही. म्हणून तो द्यूत नव्हे. परंतु निकाल आधी ठरला, किंवा कोणी खिशात मोबाइल दडवून संगणकाची चाल पाहिली, तर निर्दोष पटावरही व्यसनाची सावली पडते.

चालीच्या सच्चेपणाबाबत एक जुनी गोष्ट व्यापाऱ्यांना पटण्यासारखी आहे. 1824 साली एडिंबरो आणि लंडन या दोन शहरांच्या मंडळांत टपालाने सामना सुरू झाला. एकेक चाल पत्रातून जायची आणि उत्तर येईपर्यंत दिवस लोटायचे. सामना 1828 पर्यंत चालला. मध्यंतरी लंडनने पाठवलेली एक चाल चुकीची असल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि ती मागे घेऊ देण्याची विनंती त्यांनी केली. एडिंबरोने ती मान्य केली नाही. अखेरीस सामना एडिंबरोने जिंकला आणि त्यांनी खेळलेल्या एका सुरुवातीला ‘स्कॉच’ हे नाव कायमचे चिकटले. हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो आणि केलेली चाल परत घेता येत नाही, हा पटाचा नियम. बाजारात दिलेल्या शब्दाचा नियम याहून निराळा नाही.

जैन मुलांच्या बाबतीत संयमाची आणखी एक परीक्षा पटाशेजारी होते. दुपारी सुरू झालेली फेरी चार-चार तास चालते आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या मुलापुढे मग पेच उभा राहतो. डाव रंगात आलेला, घड्याळ चाललेले आणि बाहेर ऊन उतरलेले. पंचांची परवानगी घेऊन तो उठू शकतो, डबा खाऊन परत येऊ शकतो. मात्र त्याची चाल असेल तर ती मिनिटे त्याच्याच घड्याळातून जातात. नियमासाठी स्वतःची मिनिटे खर्च करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या खर्चाची नोंद संघाने आणि घराने घेतली पाहिजे. फेरीची वेळ थोडी अलीकडे आणावी, अशी विनंती आयोजकांना वेळेत करणे हे कर्णधाराचे आणि पालकांचे कर्तव्य आहे.

सामना संपल्यावर जे घडते, ते पाहण्यासाठी तरी पालकांनी थांबावे. हस्तांदोलन होते. मग अनेकदा तेच दोघे प्रतिस्पर्धी बाजूच्या खोलीत पुन्हा मोहरी मांडतात आणि डाव कोठे फिरला ते एकमेकांना दाखवतात. हरलेला जिंकलेल्याला त्याची चूक दाखवतो, जिंकलेला हरलेल्याला त्याची सुटलेली संधी. आपल्याकडे संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी साजरी होते. वर्षभराचे वैर एका दिवसात विसर्जित करायचे असते. पटासमोर ते दर रविवारी करण्याचा सराव मिळतो. जैन प्रतीकचिन्हाखाली जे सूत्र लिहिलेले असते, ते जीवांच्या परस्पर उपकाराचे आहे. प्रतिस्पर्धीही उपकार करतो, हे त्या खोलीत डोळ्यांनी दिसते.

समाजाला करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार खर्च नाही. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने बुद्धिबळाला दिलेला आश्रय राज्याला परिचित आहे. कोल्हापुरातही 1901 पासूनचे दिगंबर जैन बोर्डिंग आहे, निरनिराळ्या संघांची सभागृहे आहेत, पाठशाळा आहेत. आठ पट, आठ घड्याळे आणि रविवारची दुपार एवढ्यावर दोन पाठशाळांचा सामना होऊ शकतो. संघात चौथ्या पटावर एखादी लहान मुलगी बसवावी. तिने हरू नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी आणि ती अपेक्षा तिने पूर्ण केली, तर पहिल्या पटावरच्या विजेत्याइतक्याच मोठ्या आवाजात तिचे नाव घ्यावे.

आणि मूल घरी आले, की उंबऱ्यातला प्रश्न बदलावा. ‘संघाचे काय झाले? आणि त्यात तुझा वाटा कोणता?’ असे विचारून वडिलांनी दहा मिनिटे गप्प बसावे. उत्तर लांबेल. ताटे थोडी उशिरा मांडली जातील. पण सूर्य मावळायच्या आत.