अस्सल कागद हाती असूनही

१/१२
१ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. कामगार दिनाची मुळे १८८६ च्या शिकागोत आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच शिकागोतील एका खटल्यावरून सव्वाशे वर्षांनी विकिपीडियावर एक वाद पेटला. प्रश्न साधा होता : इतिहासात शब्द कोणाचा प्रमाण मानायचा? #थ्रेड

२/१२
४ मे १८८६. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी आंदोलन चालू होते. हेमार्केट चौकातील सभा संपत आली असता पोलिसांची तुकडी तेथे पोहोचली आणि तिच्यावर बॉम्ब पडला. सात पोलीस दगावले. त्यानंतरच्या गोळीबारात नागरिकही मेले. बॉम्ब कोणी टाकला, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

३/१२
आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला आणि आठही जण दोषी ठरले. एकाने फाशीच्या आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. उरलेल्या तिघांना गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये माफी दिली. हा खटला न्यायाची विटंबना म्हणूनच पुढे इतिहासग्रंथांत स्थिरावला.

४/१२
ओहायोतील बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीतील प्राध्यापक टिमोथी मेसर-क्रूस हेही वर्गात तेच शिकवीत : आरोपींना बॉम्बशी जोडणारा काहीही पुरावा सरकार पक्षाने दिला नव्हता. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, पुरावाच नव्हता, तर सहा आठवडे कोर्टात चालले तरी काय होते?

५/१२
या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते खटल्याच्या मूळ दप्तराकडे वळले आणि पुढची कित्येक वर्षे त्यातच राहिले. दप्तरात ११८ साक्षीदारांच्या जबान्या होत्या. त्या विश्वासार्ह होत्या की नव्हत्या, निकाल न्याय्य होता की नव्हता, हे वेगळे प्रश्न. मात्र ‘पुरावा सादरच झाला नाही’ हे विधान त्या कागदांपुढे टिकत नव्हते.

६/१२
विकिपीडियावरील हेमार्केटच्या नोंदीत नेमके तेच विधान होते. मेसर-क्रूस यांनी ते काढले आणि कारण म्हणून खटल्याच्या कागदपत्रांचा हवाला दिला. काही मिनिटांतच वाक्य पुन्हा जागेवर आले. नवख्या संपादकाला समज मिळाली : येथे दुय्यम साधने लागतात, म्हणजे इतर अभ्यासकांनी लिहून प्रसिद्ध केलेले ग्रंथ.

७/१२
त्यांनी धीर धरला. २०११ मध्ये या खटल्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला; आता दुय्यम साधनही हाती होते. ते पुन्हा गेले आणि पुन्हा अडले. या वेळी नियम दुसरा होता : बहुसंख्य अभ्यासक एक सांगत असता एकट्याच्या मताला फाजील वजन देता येणार नाही. २०१२ मध्ये ‘द क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’मध्ये त्यांनी हा अनुभव लिहिला. मोठी चर्चा झाली, आणि पुढे नोंदही बदलली.

८/१२
मराठी इतिहासप्रेमीला हे वाचून संताप येणे स्वाभाविक आहे. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले, ते अस्सल कागदाचा मान बखरीहून मोठा म्हणूनच. आणि येथे अस्सल कागद दाखवणाऱ्यालाच दारातून परत पाठवले जाते!

९/१२
तरीही नियमाची बाजू ऐकावी. विकिपीडियावर लिहिणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. मोडी जाणणारा संशोधक आणि आपल्या घराण्याचा पराक्रम वाढवू पाहणारा वंशज, दोघेही तेथे सारखेच निनावी. दोघेही म्हणतात, ‘माझ्याकडे मूळ कागद आहे.’ तो खरा की बनावट, त्याचे वाचन बरोबर की चूक, हे तपासणारे तज्ज्ञमंडळ तेथे नाही. म्हणून ज्ञानकोश एवढेच म्हणतो : हा निवाडा आधी बाहेर, अभ्यासकांमध्ये होऊ द्या.

१०/१२
शिवजन्मतिथीचे उदाहरण घ्या. १६२७ हे साल रूढ होते. १९१६ मध्ये टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली. त्या एका कागदाने वाद मिटला नाही. ‘शिवभारता’नेही तीच तिथी सांगितली, उलटसुलट लेख निघाले, पिढ्या गेल्या. राज्य सरकारने ती तिथी स्वीकारली, ती एकविसाव्या शतकात. १९१६ मध्ये विकिपीडिया असता, तर त्याने १६२७ हेच साल मुख्य मानले असते, आणि स्वतःच्या नियमांनुसार ते योग्यच ठरले असते.

११/१२
पण नियम पाळणाऱ्यांनी तो पूर्ण वाचलाही पाहिजे. साधे, वर्णनात्मक तथ्य मूळ साधनातून घ्यायला विकिपीडियाची मनाई नाही. मनाई आहे ती त्यावरून स्वतः अर्थ काढण्याला. ‘आरोपी दोषी होते’ हा अर्थ झाला. ‘इतक्या साक्षी झाल्या’ हे तथ्य. मेसर-क्रूस यांचे निष्कर्ष बाजूला ठेवूनही ‘पुरावाच नव्हता’ हे वाक्य दुरुस्त करता आले असते. तेथे आड आला तो नियमाचा अर्धवट वापर.

१२/१२
म्हणून ज्ञानकोशात पहिल्यांदा लिहिणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा कागद सापडला, तर आधी त्यावर लेख लिहावा, तो जाणकारांपुढे ठेवावा, टीका सोसावी. नोंदीत भर त्यानंतर. आणि एखाद्या नोंदीतील वाक्याखाली चार ग्रंथांचे संदर्भ दिसले, तरी त्या चौघांनी मूळ दप्तर उघडले होते, की एकमेकांचेच वाचले होते, हे जरूर पाहावे. सहा आठवडे कोर्टात काय चालले होते, हे विचारायला कोणताही नियम आड येत नाही.