नगरच्या घाटमाथ्यावर : भंडारदरा जलाशयाचा एक दिवसाचा फेरा

दिवस पहिला : शेंडीचा मुक्काम

अहिल्यानगरहून संगमनेर, अकोले, राजूर या वाटेने भंडारदरा धरणाजवळचे शेंडी गाव गाठता येते. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना घोटीचा रस्ता सोयीचा. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. भंडारदरा जलाशयाभोवतीचा, सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता याच अभयारण्यातून जातो. अंतर कमी असले तरी वळणे, थांबे आणि पावसाळ्यातील धुके धरून फेऱ्याला पूर्ण दिवस ठेवावा.

आदल्या संध्याकाळी ठरवायचे ते फेऱ्याची दिशा. मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी हा क्रम चांगला. सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे जाताना ऊन पाठीशी राहते. शिवाय पाणी सतत डाव्या हाताला असल्याने थांबण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही. पावसाळ्यातील सुट्ट्यांच्या गर्दीत पोलिस एकेरी वाहतूक करतात; तेव्हा त्यांनी ठरवलेली दिशा पाळावी लागते. इंधन शेंडीला येतानाच भरून घ्यावे. पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून जेवणही शेंडीतून निघतानाच एखाद्या वाडीतल्या घरी फोनवर सांगून ठेवलेले बरे.

दिवस दुसरा : फेरा

सकाळी लवकर. आधी भंडारदरा धरण पाहावे. प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणून ते विल्सन डॅम. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. भिंतीखालचा अम्ब्रेला फॉल मोरी उघडली की खडकावरून छत्रीसारखा पसरतो. तो पावसापेक्षा पाटबंधारे खात्याच्या आवर्तनावर अवलंबून असतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही दिसू शकतो आणि भर पावसात बंदही असू शकतो. निघण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करावी.

न्याहारीनंतर. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून मुरशेत-पांजऱ्याकडे निघावे. उजवीकडे कळसूबाईची रांग चालते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर. रस्त्याकडेच्या हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर मेअखेरीस, पहिल्या वळवाच्या आसपास, काजवे लखलखतात. ते पाहायचे असतील तर गाडीचे दिवे मालवून रस्त्यावरच थांबावे. झाडांखाली चालल्याने जमिनीलगतचे काजवे तुडवले जातात.

दुपारी. घाटघरचा कोकणकडा ठाणे जिल्ह्यात उतरतो. येथील २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात मागणीच्या वेळी वरचे पाणी कड्याखाली सोडून वीज तयार करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. ढग असले तर कडा दिसत नाही. तासभर थांबण्याची सवड ठेवावी. पुढे साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाता येते. पावसाळ्यात दरीत उतरू नये. अरुंद घळीत पाण्याचा लोंढा अचानक येतो.

उतरत्या दुपारी. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर रतनगडाच्या पायथ्याशी आहे आणि प्रवरेचा उगम याच गडावर होतो. काळ्या दगडातील या शिवमंदिराचे खांब आणि छत नक्षीने भरलेले आहेत. जवळच्या पुष्करणीच्या चारही भिंतींत देवकोष्ठे आहेत आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. कोरीव कामाची धार तिरप्या उन्हात नीट कळते, म्हणून मंदिर शेवटी ठेवावे.

संध्याकाळी. शेंडीला परतून उजेड उरला तर राजूरच्या वाटेवर रंधा धबधबा पाहावा. हा प्रवरेचाच प्रपात. धरणातून पाणी सुटलेले असेल तेव्हा तो भरून वाहतो. कठड्यापलीकडचा खडक शेवाळामुळे निसरडा असतो.

ऋतूंचा हिशोब असा : मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांसाठी, जुलै-ऑगस्ट धबधब्यांसाठी, सप्टेंबर-ऑक्टोबर रानफुले आणि स्वच्छ कड्यांसाठी. सांदण उतरायची असेल तर हिवाळ्यात यावे आणि तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.