बारमधली सनई

२९ जून १९६४ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेप्स नावाच्या बारमध्ये एक मुसलमान सनई वाजवत होता. सनई म्हणजे आपलीच, लग्नघरात आणि नगारखान्यात वाजते ती. समोर पिणारे लोक, मागे पियानो, ट्रम्पेट, बास आणि ड्रम. ‘इम्पल्स’ कंपनीनं तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला आणि ‘लाइव्ह ॲट पेप्स’ नावानं बाजारात आणला. त्यातली ‘सिस्टर मेमी’ ही रचना ऐकताना आपल्याला मंगलवाद्य म्हणून ठाऊक असलेली सनई ब्लूजच्या अंगानं रडते, ओरडते, मध्येच हसतेही. वाजवणारे होते युसुफ लतीफ.

मूळचे टेनेसीतल्या चॅटनूगाचे. जन्म १९२०चा, नाव विल्यम हडलस्टन. पुढे वडिलांनी आडनाव बदलून इव्हान्स केलं, म्हणून तरुणपणी ते बिल इव्हान्स या नावानं सॅक्सोफोन वाजवत. वाढले डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. १९४९मध्ये डिझी गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये दाखल झाले आणि १९५०मध्ये इस्लाम स्वीकारला.

हा इस्लाम त्यांच्यापर्यंत आला तो पंजाबातल्या कादियानहून. अहमदिया जमातीचे मुफ्ती मुहंमद सादिक १९२०मध्ये, म्हणजे लतीफ यांच्या जन्मवर्षीच, बोटीनं अमेरिकेत उतरले, तेही फिलाडेल्फियालाच. बहुपत्नीत्वाचा प्रचार करतील या संशयावरून सरकारनं त्यांना काही आठवडे अडकवून ठेवलं. सुटल्यावर त्यांनी काम सुरू केलं आणि पुढच्या काळात काळ्या वस्त्यांत या जमातीला बरेच अनुयायी मिळाले. त्यात जॅझवाले पुष्कळ.

इथे आपले काही वाचक थबकतील, हे मला माहीत आहे. अहमदियांचं नाव निघालं की आपल्याकडे पुढचं ऐकून घ्यायची तयारी नसते. मी इमान तपासणारा काझी नाही. ज्या माणसानं ६३ वर्षं स्वतःला मुसलमान म्हटलं आणि त्याप्रमाणे आपल्या धंद्याची घडी बदलली, त्याला मी मुसलमानच म्हणणार.

त्या काळी नाव बदलण्याचे व्यावहारिक फायदेही होते. अरबी नावाचा माणूस ‘निग्रो’ ठरत नसे, गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला कधीकधी जागा मिळे. गिलेस्पींनी आपल्या आत्मचरित्रात हे गमतीनं सांगितलं आहे. पण हॉटेलच्या खोलीसाठी घेतलेला धर्म माणूस पुढची सहा दशकं वागवत नाही.

लतीफ यांच्या संगीतात इस्लाम कसा आला, हे पाहण्यासारखं आहे. उपदेश म्हणून तो आला नाही, कुतूहल म्हणून आला. क्रायस्लरच्या कारखान्यात काम करताना एका सीरियन कामगाराकडून त्यांना रबाबची माहिती मिळाली. मग अर्घूल, म्हणजे दोन नळ्यांची अरबी पुंगी, बासरी, सनई. पाश्चात्त्य ओबो तर ते रीतसर विद्यापीठात जाऊन शिकले. ओबो आणि सनई दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं, एका कुळातली. १९५७पासून स्वतःचा बँड घेऊन त्यांनी रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. ‘जॅझ मूड’ त्यातलंच. जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर यांच्या भेटीच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, पण जॅझमधल्या पूर्वेच्या सुरांचं श्रेय वाटताना लतीफ यांचं नाव मागे राहतं.

सगळ्यात लोकप्रिय झालं ते ‘ईस्टर्न साउंड्स’, सप्टेंबर १९६१चं. पियानोवर बॅरी हॅरिस. ‘स्पार्टाकस’ सिनेमातली प्रेमाची धून त्यात ते ओबोवर वाजवतात. ‘द प्लम ब्लॉसम’मध्ये शुन हे मातीचं चिनी वाद्य आहे. त्यातून मोजकेच सूर निघतात आणि तेवढ्यावरच अख्खी रचना उभी आहे. मला तीच जास्त आवडते.

‘जॅझ’ हा शब्द मात्र त्यांना अजिबात चालत नसे. शब्दकोशात त्याचे अर्थ पाहा, म्हणत. वायफळ बडबड आणि त्याहून घाणेरडंही काहीबाही. आपल्याकडे ‘काय तमाशा लावलाय’ असं सहज म्हणताना एका अख्ख्या कलेचा आणि ती जगवणाऱ्या जातींचा अपमान होतो, तसंच हे. त्यांनी स्वतःचा शब्द काढला: ‘ऑटोफिजिओसायकिक’. देह, मन आणि रूह या तिन्हींतून येणारं संगीत. शब्द इतका अवघड की त्यांच्याशिवाय फारसा कुणी वापरला नाही.

१९७५मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणपद्धती. १९८१ ते ८५ या काळात नायजेरियातल्या झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठात जाऊन फुलानी लोकांच्या बासरीवर संशोधन केलं. आणि १९८०च्या सुमारास त्यांनी ठरवलं, की जिथे दारू विकली जाते तिथे वाजवायचं नाही.

या निर्णयाचं वजन समजून घ्यायला हवं. जॅझचा रोजगारच दारूच्या गल्ल्यावर चालायचा. क्लब सोडायचे म्हणजे निम्म्याहून जास्त बाजार सोडायचा. लतीफ यांनी कारण काय दिलं? हराम-हलालची यादी वाचून दाखवली नाही. हे संगीत घडवायला लोकांनी इतकं रक्त आणि घाम गाळलाय, की ते पिणाऱ्या, बडबडणाऱ्या लोकांसमोर वाजवणं बरं नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न नेहमी उलटा विचारला जातो: वाजवल्यानं दीन बिघडतो का? मिरजेत सतारी घडवणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या पिढ्या झाल्या, अब्दुल करीम खाँसाहेब तिथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, तरी जुम्याच्या बयानात वाद्यांचा विषय निघाला की ऐकणारे खाली बघतात. लतीफ यांना काळजी होती ती सुरांची अदब बिघडण्याची. त्यांचा दीन आणि त्यांचा सॅक्सोफोन एकाच बाजूला उभे होते. बार पलीकडे.

क्लब सुटले, पण काम थांबलं नाही. ‘लिटल सिम्फनी’त सगळी वाद्यं त्यांनी एकट्यानं वाजवली आणि तिला ग्रॅमी मिळालं, तेही ‘न्यू एज’ या भलत्याच गटात. १९९२मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. डिसेंबर २०१३मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी वारले.

ऐकायला सुरुवात ‘ईस्टर्न साउंड्स’पासून करा, ते सोपं आहे. पेप्सचं रेकॉर्डिंग नंतर. त्यातला पियानो माईक नॉक या न्यूझीलंडहून आलेल्या तरुणाचा आहे, आणि ड्रमवर न्यू ऑर्लिन्सचा जेम्स ब्लॅक.