मूळची उंची

सरकारी वाहन निर्लेखित होते तेव्हा त्याची एक नस्ती तयार होते. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, धावलेले किलोमीटर, टायर केव्हा बदलले, बॅटरी कितव्या वर्षी घातली, दुरुस्तीवर एकूण किती खर्च झाला, हे सारे तीत नोंदलेले असते. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना अशा कित्येक नस्त्यांवर मी सही केली. वाहनाच्या उंचीचा रकाना मात्र त्यांत कधी दिसला नाही. नोंदणीपुस्तकातही तो नसतो. वाहन जमिनीपासून किती उंच उभे राहावे हे कारखान्यात ठरते, आणि पुढे ते तसेच राहिले असणार असे आपण सर्वजण गृहीत धरतो. माझ्या धाकट्या भावाच्या अँबॅसिडरने या गृहीतकाकडे जरा निरखून पाहायला लावले.

ही गाडी १९८६ सालची, मार्क फोर. पहिली दहा-अकरा वर्षे ती पश्चिमेकडच्या एका जिल्ह्यात सरकारी दौऱ्यांवर होती. १९९७ मध्ये लिलाव झाला तेव्हा भावाने ती घेतली. तो इंदुरात महाविद्यालयात शिकवीत असे. त्याच्या पगारात नवी मारुती बसत नव्हती आणि त्याच्या घरातली माणसे मारुतीत बसत नव्हती, असे तो हसून सांगे. ओंकारेश्वर, महेश्वर, उज्जैन, लग्नकार्ये, दवाखाने, सर्व काही त्या गाडीने केले. २०१२ मध्ये भाऊ गेला. तेव्हा माझा पुतण्या तेरा वर्षांचा होता. त्यानंतर गाडी बहुतेक काळ कापडी खोळीखालीच राहिली. दर रविवारी ती चालू करून पंधरा मिनिटे तशीच ठेवायची, एवढा नेम भावजयीने पाळला.

पुतण्या आता पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. एका संध्याकाळी येऊन म्हणाला, “काका, बाबांची गाडी जरा खाली बसवायची आहे. चाके तीच ठेवणार. माझ्याकडे आठ हजार रुपये आहेत.” त्याच्या मित्रमंडळीत याला ‘गाडी डाउन करणे’ म्हणतात. गाडी जमिनीलगत आली की रुबाबदार दिसते, असे त्या मंडळींचे मत आहे.

मी सवयीने कायद्यापासून सुरुवात केली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निर्णय दिला की, उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या स्वरूपाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यातच गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले होते. तपासणीत वाहन अडकले तर वडिलांची गाडी रस्त्यावर आणणेच बंद होईल, हे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि खिशातला फोन काढून मला काही छायाचित्रे दाखवली.

ती कॅलिफोर्नियातील होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या, स्वस्त शेव्हरोले गाड्या खाली बसवायला सुरुवात केली. पैसा नव्हता, म्हणून कोणी डिकीत वाळूची पोती ठेवी, कोणी स्प्रिंगचे वेढे कापी. १९५८ पासून तेथील कायद्याने त्यावर मर्यादा घातली. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये, असा तो नियम होता. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले आणि हवी तेव्हा खाली, हवी तेव्हा वर होणारी गाडी तयार केली. पोलीस दिसला की बटण दाबायचे! पुढे ही तऱ्हा त्या समाजाच्या अभिमानाची गोष्ट झाली. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने तो जुना निर्बंधच काढून टाकला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या मला त्या नियमाचे माप फार आवडले. उंची इंचांत न सांगता त्यांनी ती गाडीच्या स्वतःच्या चाकावरून सांगितली होती.

आपल्याकडे स्वस्तात गाडी खाली बसवण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतले बरेचसे स्प्रिंगवर अत्याचार करणारे आहेत. पुतण्याच्या एका मित्राने मारुतीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगचा एक-एक वेढा कापून घेतला होता. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, कारण तेवढेच दबणे आता कमी वेढ्यांना पेलायचे असते. चाक खड्ड्यात लोंबकळले तर अशी आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीवरून निसटूही शकते. काही ठिकाणी तर गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे ती गाडीच्या वजनानेच बसते. या तापवण्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि त्या पाण्यावरच स्प्रिंगचे स्प्रिंगपण अवलंबून असते. दुसरा मार्ग चाके बदलण्याचा. त्यात लहान घेराचे टायर घातले तर गाडी जमिनीकडे सरकते, पण वेगमापक खऱ्या वेगापेक्षा अधिक वेग दाखवू लागतो. पुतण्याला हे नको होते. पंधरा इंची पोलादी चाके आणि त्यांवरच्या चकचकीत टोप्या त्याचे वडील दिवाळीच्या आधी स्वतः घासत. तो त्यांना हात लावू देणार नव्हता.

अँबॅसिडरला गुंडाळीची स्प्रिंग नाही. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या या गाडीच्या पुढच्या भागात टॉर्शन बार आहेत, म्हणजे तळाशी लांबीच्या दिशेने बसवलेल्या पोलादी सळ्या. चाक वर-खाली झाले की सळईला पीळ बसतो, आणि तो उलगडू पाहताना चाक मूळ जागी येते. सळईचे मागचे टोक ज्या खाचांत बसते तेथे ते थोडे फिरवून बसवले की गाडीची पुढची उंची बदलते. कापणे नाही, तापवणे नाही. मागे मात्र बैलगाडीच्या काळापासून चालत आलेला उपाय आहे, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा. महाराष्ट्रात याला पाटा म्हणतात, आम्ही माळव्यातले लोक कमानी म्हणतो.

मी त्याला विचारले, “पण तुला ही गाडी खाली कशाला हवी आहे? शर्यती लावायच्या वयाची ती नाही.” तो थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने एक छापील छायाचित्र दाखवले. महेश्वरला घाटाजवळ गाडी उभी आहे, आणि भाऊ, भावजय, आमची आई, मुले अशी सात-आठ माणसे आत कोंबलेली आहेत. मागची चाके मडगार्डच्या आत बरीच शिरलेली दिसतात. “माझ्या आठवणीतली गाडी अशी आहे,” तो म्हणाला. “आता खोळ काढली की मागून शेपूट वर करून उभी दिसते. रिकामी गाडी उंच दिसते, काका.”

यावर मला कोणतेही कलम सुचले नाही. गाडी निदान कोणा जाणकाराला दाखवू, एवढेच मी म्हणालो.

देवास नाक्याकडे कमान्यांचे काम करणारे एक वयस्क उस्ताद आहेत. ट्रकच्या कमान्या भरण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी गाडीखाली सतरंजी पसरली, आडवे झाले आणि बॅटरीच्या प्रकाशात बराच वेळ पाहत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, “साहब, ये गाडी सरकारी थी क्या?” मागच्या दोन्ही कमान्यांत एकेक पान जास्तीचे होते. त्याची जाडी निराळी होती, टोकांची घडण निराळी होती, गंजाचा रंगही निराळा. ते अँबॅसिडरचे नव्हतेच. पुढच्या सळ्याही कोणी तरी वरच्या खाचेत बसवल्या होत्या. रद्दीतून मिळवलेल्या कारखान्याच्या पुस्तिकेशी पुतण्याने पाने ताडून पाहिली. उस्तादांचे म्हणणे खरे होते.

असे का केले असेल हे मला सांगावे लागले नाही, पण मला ते ठाऊक होते. १९८० आणि १९९० च्या दशकांत धार, झाबुआ, खरगोनकडच्या आडरस्त्यांवर ज्यांनी दौरे केले आहेत, त्यांना डांबराचे तुकडे आणि त्यांच्या मधले खड्डे आठवत असतील. राज्यातील रस्त्यांची दशा २००३ च्या निवडणुकीत मोठा मुद्दा ठरली ती उगाच नव्हे. अशा रस्त्यावर तळ घासू नये, सायलेन्सर तुटू नये, मागे बसलेला साहेब, चपराशी आणि नस्त्यांचे पेटारे यांच्या भाराने गाडी बसू नये, म्हणून चालक मंडळी वरचेवर एक पान भरून घेत. खर्च किरकोळ दुरुस्तीत पडे. तो अकारण नव्हता, आणि त्या चालकांना मी दोष देणार नाही. पण त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्या गाडीत फेरबदल झाला होता तो पूर्वीच, आणि तो उंची वाढवण्याचा होता. पुतण्या जे मागत होता त्यातला बराचसा भाग उत्पादकानेच ठरवून दिलेला होता. त्याला मी म्हणालो, “मूळ उंचीपर्यंत खुशाल खाली आण. त्याच्या खाली एक सूतही नाही.” त्याने मान्य केले.

कामाला दोन दिवस लागले. प्रथम गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरांत योग्य हवा भरून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले आणि कागदावर लिहिले. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज हिशेबात शिरते, म्हणून माप चाकाच्या मध्यापासून घ्यायचे. मागच्या कमान्या उतरवल्या, जास्तीचे पान काढले, उरलेली पाने घासून त्यांच्यामध्ये ग्रीस भरले. नवे सेंटर बोल्ट, नवे बुश आणि योग्य मापाचे यू-बोल्ट घातले. जुने यू-बोल्ट जाड थरासाठी होते, ते पुन्हा वापरू द्यायला उस्तादांनी साफ नकार दिला. पुढे दोन्ही बाजूंना जॅक लावून सळ्यांवरचा ताण उतरवला, जुन्या जागेवर खूण केली आणि मग सळ्या सरकवल्या. लगेच मोजून उपयोग नसतो. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर ती आपली बैठक धरते, तेव्हाचे माप खरे. शेवटी चाकांचे अलाइनमेंट केले, कारण उंची बदलली की चाकांचा कल बदलतो आणि टायर एका कडेने झिजतात. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त उतरल्यामुळे दिव्यांचे झोत वर गेले होते, तेही खाली आणले. गाडी मागे पावणेदोन इंच आणि पुढे एक इंच उतरली. एकूण खर्च ७,३५० रुपये. उरलेल्या पैशांतून पुतण्याने चाकांच्या टोप्यांसाठी पॉलिश आणले.

माझ्या अपेक्षेपेक्षा ती निराळी चालते. एक पान कमी झाल्याने मागची कमानी मऊ झाली आहे, आणि रिकाम्या गाडीला पूर्वी जे हादरे बसत ते आता बसत नाहीत. वळणावर अंग टाकण्याची तिची जुनी सवय थोडी कमी झाली आहे. माझ्या भावजयीचे गुडघे दुखतात. तिने मागच्या सीटवर बसून पाहिले आणि म्हणाली, “भाऊजी, आता ओटा चढल्यासारखे नाही वाटत.” सीट तरीही पुरेशी उंच आहे, हल्लीच्या लहान गाड्यांतल्यासारखे वाकून घुसावे लागत नाही. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकाने खाली वाकून पाहिले आणि काही न विचारता कागदांवर सही केली.

अँबॅसिडरची निर्मिती मे २०१४ मध्ये थांबली. सुटे भाग मिळणे दरवर्षी कठीण होत जाईल, हे पुतण्या जाणतो. म्हणून उस्तादांनी काढलेली ती दोन जास्तीची पाने त्याने टाकली नाहीत, तेल लावून गॅरेजच्या भिंतीला टांगली आहेत. कधी पुन्हा वाईट रस्ते आले तर, असे तो म्हणतो. मला वाटते तेवढेच कारण नसावे, पण मी विचारलेले नाही.

एकच अडचण उरली आहे. आमच्या वसाहतीच्या फाटकाशी रहिवाशांनी हौसेने घातलेला एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. आमचा जवळजवळ दुप्पट उंच आहे आणि रुंदी हातभर. गाडी पूर्ण भरली की तिचा सायलेन्सर त्याला घासतो. त्याविषयी मी रीतसर अर्ज केला आहे, आणि अर्जांचे काय होते हे मला ठाऊक असल्यामुळे तूर्त आम्ही एक व्यवस्था लावली आहे. महेश्वरला निघताना फाटकाशी पुतण्या गाडी थांबवतो. मी आणि त्याची बायको खाली उतरतो, गाडी हळूच पलीकडे जाते, आणि आम्ही चार पावले चालून पुन्हा तीत बसतो.