लाल कपड्यातला रुपया

आमच्या हातोदच्या घरी देवघरात बाळकृष्णाच्या मागे लाल कपड्याची एक पुरचुंडी असायची. आत एक रुपया आणि सुपारी. १९८३ साली मला टायफॉईड झाला तेव्हा बाबांनी ती बांधली. "पोरगा उठला की गुहागरला जाऊन व्याडेश्वराला वाहीन," असं बोलले होते म्हणे.

मी महिन्याभरात उठलो. गुहागर राहिलं. कधी परीक्षा, कधी सोयाबीनची काढणी, कधी ताईचं लग्न. २०११ मध्ये बाबा गेले. दर दिवाळीला आई देव घासायची आणि पुरचुंडी न सोडता जागच्या जागी ठेवायची.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "शहात्तर झाले मला. पुढच्या वर्षी माझ्याने होईल की नाही, काय सांगावं." नोव्हेंबरात सोयाबीन विकून झालं आणि आम्ही सात जण नऊ दिवसांसाठी ट्रॅव्हलर घेऊन निघालो. डब्यात शेव-परमल आणि दशम्या. पुरचुंडी आईच्या बटव्यात.

खलघाटला नर्मदेत नाणं टाकलं, सेंधव्यापुढे बिजासनी मातेला हात जोडले आणि धुळ्यावरून रात्री नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी पुणे.

शनिवारवाड्यात गाईड रंगून सांगत होता. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. यशवंतराव होळकरांनी हडपसरला लढाई मारली, दुसरा बाजीराव पळून कोकणात उतरला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला गेला. पुढे वसईचा तह झाला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही कुठले?" सगळे गप्प. शेवटी आईच म्हणाली, "इंदूरकडचे. होळकरांच्याच राज्यातले!" गाईडसकट सगळे हसले.

पण गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "कां रे, आपले मूळपुरुष कोकणातले आणि चाकरीला होळकरांकडे गेलेले. मग आपण कोणाच्या बाजूचे?" मला उत्तर आलं नाही. मूळपुरुषाची ही गोष्ट तरी घरात ऐकलेलीच. कागद एकही नाही.

वाईवरून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी पाच नद्यांचं मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. आईनं दोन्ही नद्यांची नावं घेऊन एकच ओंजळ भरली.

प्रतापगडावर मुलं चढली. आई खाली पिठलं-भाकरी खात बसली. पुढे आंबेनळी घाटात तिला गाडी लागली. पोलादपूरपर्यंत तीनदा थांबलो. गुहागरला पोचायला रात्रीचे दहा वाजले आणि ज्यांच्याकडे खोल्या ठरवल्या होत्या, त्यांनी त्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. मी चिडलो. आई पायरीवर बसून म्हणाली, "मी तर थकून गेले."

शेजारच्या घरातून एक काकू बाहेर आल्या. "थकून गेले? कुठल्या हो तुम्ही?" माळव्यातून आलोय म्हटल्यावर त्यांनी अर्ध्या तासात कुळीथाचं पिठलं आणि भात वाढला. माजघरात गाद्या घातल्या. पैसे घेता घेईनात.

सकाळी देवळात गुरुजींनी गोत्र विचारलं, नाव विचारलं. मग म्हणाले, "गाव?"

आई म्हणाली, "हातोद."

"ते राहता तिथलं. मूळ गाव?"

आई क्षणभर थांबली. "मूळ म्हणजे हे तुमचंच असेल. पण गाव हातोद. सासू-सासरे तिथंच गेले, हे तिथंच गेले."

गुरुजींनी मान हलवली आणि संकल्पात हातोद म्हटलं. शनिवारवाड्यातल्या प्रश्नाचं उत्तर तिचं तिनंच दिलं, असं मला वाटलं.

मग पुरचुंडी सोडायची वेळ आली. गाठ सुटेना. मी नखानं सोडवायला गेलो तर तिनं हात धरला. "हळू. त्यांच्या हातची गाठ आहे." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ती पुरचुंडी का सोडत नव्हती. पाच मिनिटं लागली. काळपट रुपया देवापुढे ठेवला. कपड्याची घडी करून तिनं बटव्यात परत टाकली.

समुद्र देवळाच्या मागेच. तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बघून विचारलं, "इथे घाट नाही का? पायऱ्यांशिवाय उतरायचं कसं?" मी हात धरून उतरवलं. लाट आली तशी ती लहान मुलीसारखी ओरडली.

पुढे हेदवीचा दशभुज गणपती पाहिला. तवसाळहून जयगडला फेरीबोटीनं गाडीसकट खाडी ओलांडली. गणपतीपुळे झालं. रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहिला. १८८५ मध्ये राज्य गेलेल्या ब्रह्मदेशाच्या राजासाठी इंग्रजांनी बांधलेला. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. आई म्हणाली, "बिचाऱ्याला घरी जाऊच दिलं नाही." आंबा घाट चढून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि परत फिरलो.

घरी आल्यावर आईनं आधी पोहे केले. मग त्याच लाल कपड्यात नवा रुपया बांधला. कशासाठी, ते सांगितलं नाही.

तुमच्याही देवघरात अशी पुरचुंडी असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, ती कोणी बांधली. आणि जमलं तर त्यांना घेऊनच जा.